१०९८: पहिल्या तासाला पक्की, चौथ्या आठवड्याला कच्ची

मुंबईत भिंती पातळ असतात. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, तसा शेजारच्या पोराच्या पाठीत बसलेला पट्टाही ऐकू येतो. ऐकणारा आधी टीव्हीचा आवाज वाढवतो आणि दोन दिवसांनी हळूच कुणाला तरी विचारतो, "असं काही असेल तर फोन कुठे करायचा असतो?" उत्तर सगळ्यांना अर्धवट माहीत असतं. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा आकडा स्टेशनवर दिसतो, शाळेच्या फलकावर दिसतो. फोन लावल्यावर पुढे काय होतं, कुठे अडतं आणि अडलं की कुणाचं दार वाजवायचं, हे मात्र फलकावर नसतं.

निकाल आधीच सांगून टाकू. मूल आत्ता, या घडीला धोक्यात असेल, हरवलेलं असेल, घरातून पळून आलेलं असेल, तर ही सेवा डोळे झाकून वापरा. घरातल्या वर्षानुवर्षांच्या धगीत होरपळणाऱ्या मुलासाठी तीच सेवा निम्मं काम करते. उरलेलं निम्मं फोन करणाऱ्याने मागे लागून करून घ्यावं लागतं.

ही सेवा जन्माने मुंबईकर आहे. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली, ती मुख्यतः रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी. 'दस नौ आठ' ही उलटी मोजणी त्या मुलांच्या तोंडी सहज बसली. पुढे ती देशभर पसरली. मुंबईत वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळ्या स्वयंसेवी संस्था नेमलेल्या असायच्या आणि साठ मिनिटांत मुलापर्यंत पोहोचायचं हा त्यांचा दंडक होता. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने हे काम केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडे आलं आणि ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाला जोडलं गेलं. आता फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. जिवाला धोका असेल तर तो ११२ कडे, म्हणजे पोलिसांकडे वळतो. बाकीचे फोन जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या हेल्पलाइनच्या माणसांकडे जातात.

या बदलाचा फायदा आणि तोटा एकाच ठिकाणी आहे. पोलिसांची गाडी लवकर येते हा फायदा. पण मूल घाबरलेलं असताना दारात आधी खाकी उभी राहते. पूर्वी येणारा कार्यकर्ता त्या वस्तीत वावरलेला असायचा, कुठल्या गल्लीत कुठली मावशी बोलती आहे हे त्याला ठाऊक असायचं. ती ओळख खात्याच्या पदभरतीतून येत नाही.

माणसांचा हिशेबही करून पाहा. मिशन वात्सल्यच्या मांडणीत एका जिल्ह्याच्या हेल्पलाइनला एक समन्वयक, एक समुपदेशक, तीन पर्यवेक्षक आणि तीन केसवर्कर (म्हणजे मुलापर्यंत जाऊन प्रकरण हाताळणारी माणसं) अशी पदं आहेत. सेवा चोवीस तास, म्हणजे तीन पाळ्या, म्हणजे पाळीला एक केसवर्कर. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या वर होती. दहिसरला एक मूल आणि मुलुंडला दुसरं, दोन्ही फोन एकाच संध्याकाळी आले तर काय होईल, ते संध्याकाळी पूर्व-पश्चिम प्रवास केलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून तुमचा फोन किती नेमका आहे यावर बरंच अवलंबून असतं.

"आमच्या बिल्डिंगमध्ये एक माणूस मुलाला फार मारतो, काहीतरी करा" हा निकामी फोन. कामाचा फोन असा असतो: "कांजूरमार्ग पूर्व, अमुक इमारत, सी विंग, चौथा मजला, लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावीकडची दुसरी खोली. मुलगा आठेक वर्षांचा. काल सकाळी साडेदहा ते अकरा मारण्याचा आणि ओरडण्याचा आवाज. पंधरा दिवसांतली ही चौथी वेळ. आज सकाळी डाव्या दंडावर वळ दिसले. आई सात ते चार कामावर, वडील रात्रपाळीचे, दिवसा घरी. मुलगा महापालिकेच्या शाळेत, दुपारचं सत्र." यात मत कुठेच नाही. काय ऐकलं, काय पाहिलं, कधी, एवढंच आहे. "बाप दारुडा आहे" यापेक्षा "शनिवारी रात्री बाप जिन्यात पडलेला होता" हे वाक्य पुढे अहवालात टिकतं. चाळीत किंवा झोपडपट्टीत घर क्रमांक नसेल तर खूण द्या: पाण्याची टाकी, मंडळाचं ऑफिस, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी.

शाळेची वेळ सांगणं सगळ्यात महत्त्वाचं. घरी जाऊन चौकशी झाली तर मूल मारणाऱ्यासमोर बोलत नाही, आणि माणसं गेल्यावर "कुणाला काय सांगितलंस" म्हणून पुन्हा मार बसतो. शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीत, बाईंच्या साक्षीने मूल बोलण्याची शक्यता कितीतरी जास्त. ही विनंती फोनवर स्पष्ट शब्दांत करा: "घरी जाण्याआधी शाळेत भेटा." दुसरी विनंती तुमच्या स्वतःच्या बचावाची. नाव न सांगता फोन करता येतो. पण आलेल्या माणसाने पॅसेजमध्ये उभं राहून "१०९८ ला फोन कुणी केला?" असं विचारलं तर त्या गुप्ततेला काही अर्थ उरत नाही. आमचं दार वाजवू नका, हेही आधीच सांगून ठेवा.

फोन ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर उतरवा, नोंदीचा क्रमांक आणि प्रकरण कोणत्या जिल्ह्याकडे जाणार ते. मुंबईत जिल्हे दोन आहेत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, वांद्रे आणि कुर्ल्यापासून पुढे मुंबई उपनगर. धारावी शहरात येते आणि तिच्या शेजारचं कुर्ला उपनगरात. मूल एका जिल्ह्यात राहत असेल आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत जात असेल तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्याची सोय आपोआप होते. पत्ता राहत्या घराचा द्या आणि शाळा दुसऱ्या जिल्ह्यात आहे हे वेगळं सांगा.

मूल स्वतः फोन करतं तेव्हा बऱ्याचदा पहिल्यांदा काहीच बोलत नाही. मुक्या फोनांचा अनुभव या सेवेला पहिल्यापासून आहे. मूल आवाज चाचपून बघत असतं. तुमच्या ओळखीतल्या मुलाला हा क्रमांक देत असाल तर तेवढं सांगा: गप्प राहिलास तरी चालेल, पुन्हा लाव. फोन घरात सगळ्यांचा मिळून एकच असेल तर कॉलच्या यादीतून १०९८ पुसायलाही शिकवा.

आता लोकांच्या मनातल्या भीतीकडे. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या पोरांना धमकी दिली जाते ती "डोंगरीला टाकीन" अशी. डोंगरीतल्या उमरखाडीच्या ज्या तुरुंगात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते, तिथेच पुढे मुलांसाठीचं गृह झालं. १९२४ च्या मुंबई बालक कायद्यानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी डोंगरीची आणि मानखुर्दची गृहं चालवते. त्यामुळे १०९८ ला फोन केला की मूल उचलून डोंगरीत नेऊन टाकतात, असा समज घट्ट आहे. कायदा उलट सांगतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बालकल्याण समितीसमोर हजर करायचं असतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांच्यापैकी किमान एक स्त्री. मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि चौकशी पूर्ण होऊन चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश व्हावा, अशी मुदत आहे. आदेश अनेक तऱ्हांचे असू शकतात: देखरेखीखाली घरी परत, नातेवाइकांकडे, समितीने मान्य केलेल्या 'योग्य व्यक्ती'कडे, आर्थिक साहाय्य देऊन आईकडेच, किंवा बालगृहात.

आणि इथेच चौथा आठवडा येतो. पंधरा दिवसांचा अहवाल लांबतो. तो लिहिणाऱ्याला मुलाच्या आजूबाजूची माणसं माहीत नसतात. मग अहवालात "कुटुंब समजावल्यावर तयार आहे, मूल घरी पाठवावे" असं एक वाक्य येतं आणि प्रकरण मिटतं. खोटं कुणीच बोललेलं नसतं, फक्त अहवालात माणसंच नसतात.

ती माणसं का हवीत, याला भक्कम आधार आहे. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, व्यसन, मोडलेली घरं अशा खडतर परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मोठेपणी नीट उभी राहिली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे किमान एक स्थिर, जीव लावणारं मोठं माणूस. ते आईवडीलच असतं असं नाही. आजी, मोठी बहीण, शेजारीण, शिक्षक, कुणीही. सोसूनही न मोडण्याला आपण 'पोर चिवट आहे' म्हणतो. पण त्या चिवटपणाला बहुतेक वेळा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसायला जागा मिळालेली असते.

म्हणून फोन करताना, आणि पुढे केसवर्कर भेटला की त्यालाही, हे सांगा: मूल संध्याकाळी कुणाकडे बसतं, कुठल्या मावशीचं ऐकतं, गावाकडची आजी जिवंत आहे का, ती घेऊन जायला तयार होईल का, क्लासच्या कुठल्या बाईंशी बोलतं. ही चार नावं अहवालात गेली तर समितीपुढे घर आणि बालगृह याखेरीज तिसरा रस्ता उघडतो. फोनवर आपणहून हे फारसं कुणी सांगत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. १९९५ ते १९९७ दरम्यान अमेरिकेत सॅन दिएगोच्या कैसर परमनंटेमध्ये विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांची आज वापरात असलेली दहा प्रकारांची यादी त्यातूनच आली. तिच्यात मार, अपमान, लैंगिक अत्याचार आणि दुर्लक्ष आहेच. पण आईला होणारी मारहाण बघणं, घरातलं व्यसन, घरातल्याचा मानसिक आजार, आईवडिलांची ताटातूट, घरचं कुणी तुरुंगात असणं, हेही आहे. म्हणजे ज्याच्या अंगावर एकही वळ नाही ते मूलही या यादीत बसतं. प्रकार जितके जास्त तितका मोठेपणी हृदयरोग, नैराश्य आणि व्यसनांचा धोका वाढलेला दिसला. हे आकडे लोकसमूहाबद्दल बोलतात. एका पोराचे गुण मोजून त्याचं भविष्य सांगायला ते नाहीत, आणि पालकसभेत तशा प्रश्नावल्या वाटणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

१०९८ ची यंत्रणा वळ बघून हलते. "रोज रात्री बाप आईला मारतो, पोरं पलंगाखाली जातात" या फोनवर बऱ्याचदा "मुलाला मारतात का?" असा प्रतिप्रश्न येतो, आणि "नाही" म्हटलं की फोनचं वजन उतरतं. अशा घरासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ जास्त उपयोगी आहे. त्याच्या कलम ४ नुसार कुणीही, अगदी शेजारीही, संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो आणि सद्‌भावनेने दिलेल्या खबरीसाठी त्याच्यावर कारवाई होत नाही. दंडाधिकारी आईला घरात राहण्याचा आदेश देऊ शकतात, संरक्षणाचा देऊ शकतात, आणि कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबाही. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवायची असते. महिला हेल्पलाइन १८१. आई तयार असेल तर १०९८ आणि १८१ हे दोन्ही फोन करा आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा नोंद क्रमांक द्या. नाहीतर मुलाचं प्रकरण एका फायलीत आणि आईचं दुसऱ्या, असं चालू राहतं.

पोलीस ठाण्यातला अडथळाही माहीत असू द्या. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच छळ केला तर बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र २०२१ च्या दुरुस्तीने या कायद्यातले तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत. त्यामुळे मुंबईच्या भाषेत 'एनसी घेऊन', म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद करून, बोळवण होऊ शकते. चटके दिलेले असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ लागतं आणि ते दखलपात्र आहे, हे नाव घेऊन सांगा. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा. त्यालाच भेटायचं आहे असं म्हणा. आणि गुन्हा नोंदला गेला नाही तरी बालकल्याण समितीचं काम थांबत नाही. तिला संरक्षणाचा आदेश द्यायला एफआयआर लागत नाही. "आधी गुन्हा दाखल होऊ दे" या वाक्याशी बरीच माणसं थांबतात, ती उगाच थांबतात.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर वाट वेगळी. पॉक्सो कायद्याचं कलम १९ प्रत्येकाला खबर देणं बंधनकारक करतं आणि त्यात नाव पोलिसांचं आहे, हेल्पलाइनचं नव्हे. १०९८ ला सांगितलं तरी ठाण्यात खबर पोहोचली का ते विचारा. पोलिसांनी चोवीस तासांत समितीला कळवायचं असतं. जबाब मुलाच्या घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तपासात आणि खटल्यात मुलासोबत राहणारी साहाय्यक व्यक्ती समितीकडून मिळते, ती मागून घ्या. तोवर मुलाला पुन:पुन्हा "मग काय झालं?" विचारू नका. एकदा ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागतं.

सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकणाऱ्यांसाठी: बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चित्रफीत पुरावा म्हणून तपास अधिकाऱ्याला द्या.

पैशाची बाजू फोनवर कुणी काढत नाही, पण नवरा गेलेल्या किंवा सोडून गेलेल्या आईचं पोर बालगृहात जातं ते बहुधा भाड्यामुळे. महाराष्ट्राच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात महिना ४,००० रुपये आहेत आणि शहरात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ९६,००० रुपये. दोन्हींचा रस्ता जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समितीतूनच जातो. महिना ९६,००० ला मुंबईत सुखाने राहता येत नाही, वर्षाला तर प्रश्नच मिटला. घरोघरी धुणीभांडी करणारी बाईही या मर्यादेबाहेर पडू शकते. तरी अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा, नाहीतर तिथेच महिना जातो.

चौथ्या आठवड्यासाठी एवढं करा. नोंद क्रमांक घेऊन संबंधित जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि तीनच प्रश्न विचारा: मूल समितीसमोर हजर झालं का, तपासणी अहवाल कुणाकडे आहे, पुढची तारीख कोणती. तपशील सांगायला ते नकार देऊ शकतात आणि तो नकार योग्यही असेल. तुम्ही नातेवाईक नाही आणि मुलाची गोपनीयता खरी आहे. मग बालकल्याण समितीला अर्ज लिहा. कुठलाही नागरिक समितीकडे जाऊ शकतो, मधल्या कुणाची गरज नाही. अर्ज एका पानाचा: तारखा, काय पाहिलं, नोंद क्रमांक, मूल ज्यांच्याकडे बसतं त्या माणसांची नावं. त्यानंतर काही घडलं असेल तर तेही तारखेसह. दोन प्रती न्या. एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.